पहिली फेरी वाळूची

चि. मुक्ता,


तू पाठवलेला फोटो मिळाला. बंद पडलेल्या बागेच्या कुंपणातून काढलेला दिसतो. गवत कमरेएवढं वाढलंय, मेरी-गो-राउंडचं छत एका अंगाला कललंय आणि निळ्या घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यापासून गेलाय. खाली तू विचारलंस, "आबा, हे सगळं भंगारात का घालतात? जपता येत नाही का?" फोनवर मी "लिहून कळवतो" एवढंच म्हणालो, कारण तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय. आज आजी देवळात गेली तसा वही घेऊन बसलो.

माझे वडील सुतार होते हे तुला माहीत आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आमचं गाव खटाव तालुक्यातलं, पुसेगावापासून बैलगाडीनं दीड तासावर. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा तू बाबाबरोबर जाऊन पाहिली आहेस. खिलार बैलांचा बाजार, तो रथ, रथावर लोकांनी लावलेल्या नोटा. तू पाहिलास तो पाळणा विजेवरचा, लोखंडी, रंगीत दिव्यांचा. माझ्या लहानपणचा लाकडी. दोन उंच खांब, त्यांच्यावर आडवा आस, आसाला दोन्हीकडून लाकडी आरे, आणि आऱ्यांच्या टोकांना टांगलेली चार खोकी. एका खोक्यात दोन पोरं, दाटीवाटीनं तीन. फिरवायला दोन माणसं. आम्ही त्याला रहाटपाळणा म्हणायचो. शब्द जरा जवळून बघ. रहाटाला गाडगी बांधली तर पाणी वर येतं, खोकी बांधली तर पोरं वर जातात. विहिरीवरचा रहाट ज्यानं रोज पाहिलाय त्यानंच हे नाव ठेवलं असणार. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६२० साली आजच्या बल्गेरियातून जाताना असलाच पाळणा बघून त्याचं चित्र काढून गेला. इतका हा खेळ जुना आणि इतका लांबवर पसरलेला.

यात्रेच्या आधी आठ-दहा दिवस पाळणेवाला आमच्या दारात यायचा. सगळा पाळणा सुटा करून दोन बैलगाड्यांवर घातलेला असायचा. "मिस्त्री, तेवढं बघून द्या," म्हणायचा आणि बैल सोडून चिंचेखाली बसायचा. अण्णा आधी आस उतरवून दोन दगडांवर आडवा ठेवायचे. मग लाकडी ठोकणा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू ठोकत जायचे, कान जवळ नेऊन. धड लाकूड खणखणीत बोलतं. आतून तडा गेला असेल तिथं आवाज बसतो. आई कुंभाराकडून मडकं घेताना टिचकी मारून बघायची, तसंच हे. कारखान्यात मी पुढं तडे शोधायची यंत्रं पाहिली, वापरलीही, तरी ती चालवताना हात नेमकं काय करतायत हे मला अण्णांच्या ठोकण्यामुळं कळायचं.

आसानंतर कड्या. प्रत्येक खोकं दोन लोखंडी कड्यांत लटकायचं, डावीकडं एक, उजवीकडं एक. पाळणा फिरतो तसं खोकं स्वतःच्या वजनानं सरळ राहतं, म्हणजे प्रत्येक फेरीत कडी दांड्यावर एकदा पूर्ण घासली जाते. एका यात्रेत किती फेऱ्या होत असतील तूच हिशोब कर. कडी बाहेरून गोल दिसते, झीज आतून होते आणि तीही एकाच बाजूला, जिथं भार येतो तिथं. अण्णा कडीच्या आत अंगठा फिरवायचे. एवढंच. मोजमाप काही नाही. अंगठ्याला धार लागली की कडी बदलायची.

आता एक गोष्ट सांगतो ती तुझ्या बाबाला ठाऊक आहे, तुला नाही. मी पाच वर्षांचा असेन. त्या साली एका दुसऱ्या गावच्या जत्रेसाठी पाळणा तपासताना एका कडीत अण्णांच्या अंगठ्याला धार लागली होती. लोहार बाहेरगावी गेलेला, जत्रा दोन दिवसांवर, आणि पाळणेवाला गयावया करत होता. अण्णा म्हणाले, "ह्या वर्षी चालेल." जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती कडी तुटली. खोकं खाली येत होतं तेव्हा तुटली, हे नशीब. माझ्याएवढाच एक मुलगा पुरुषभर उंचीवरून पडला. जीव वाचला, पण हात कोपरात वाकडा तो वाकडाच राहिला. अण्णा पुढं दरवर्षी त्या घरी एकदा जाऊन यायचे. त्या मुलाच्या लग्नात त्यांनी पाट आणि चौरंग करून दिले. आमच्या घरात "ह्या वर्षी चालेल" हे शब्द त्यानंतर कुणी उच्चारले नाहीत.

तुटलेल्या कडीची जोडीदार, म्हणजे त्याच खोक्याची दुसरी कडी, अण्णांनी काढून आणली आणि कामाच्या जागी खिळ्याला टांगली. सुतळी बांधून.

पुढच्या यात्रेपासून पहिली फेरी वाळूची ठरली. खांब पुरून, दगड भरून, पाचरी मारून पाळणा उभा झाला, आसाच्या दोन्ही टोकांना एरंडेलात राख कालवलेलं वंगण भरलं, की चारही खोक्यांत वाळूची पोती ठेवायची. पोरांच्या वजनाच्या दुप्पट. तसा पाळणा तासभर फिरवायचा. फिरवणारे घामाघूम व्हायचे, पाळणेवाला चुळबुळत राहायचा, कारण तेवढ्या वेळात त्याचे पैसे बुडत. वाळू उतरली की एका खोक्यात अण्णा स्वतः, समोरच्या खोक्यात पाळणेवाला. आणि ते दोघं उतरले की मी आणि तुझी आत्याआजी. आम्ही दोघं खाली उतरून चालायला लागलो की मग तिकीट सुरू. एक आणा.

लोकांना वाटायचं मिस्त्रीची पोरं फुकट बसतात. मला फार उशिरा, मी स्वतः बाप झाल्यावर, कळलं की आम्हाला त्या खोक्यात बसवताना अण्णा आमच्याकडं बघत नसत. ते कड्यांकडं बघत.

वर गेल्यावर काय दिसायचं ते सांगतो. आधी बैलांची शिंगं, रंगवलेली, लांबवर पसरलेली. मग रथाचा कळस. मग धुळीच्या वरची हवा, जी खालून दिसतच नाही. माथ्यावर खोकं क्षणभर थबकायचं आणि मग पाठीमागून खाली यायला लागायचं तसा पोटात गोळा उठायचा. खाली फिरवणारा माणूस प्रत्येक खोकं हातानं ढकलून वर लावायचा. त्याचं लक्ष पोरांच्या तोंडाकडं असायचं. पोरं ओरडत असली, हसत असली की वेग वाढवायचा. एखाद्याचं तोंड रडवेलं दिसलं की पुढच्या वेळी तेच खोकं खांद्यावर झेलून तो सगळा पाळणा थांबवायचा आणि त्या एकट्याला उतरवायचा. त्याच्यासाठी बाकीच्यांची फेरी अर्धी राहिली तरी कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या मते ह्या माणसात आहे. आधी पुण्याचं सांगतो.

१९६९ साली मी आयटीआय करून पुण्याला आलो आणि कारखान्यात फिटर म्हणून लागलो. बाबा चार वर्षांचा झाला तेव्हापासून आम्ही पेशवे पार्कला जायला लागलो. आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळं बागेत गर्दी कमी. महापालिकेनं तिथं फुलराणी, ती लहान मुलांची आगगाडी, सुरू केली ८ एप्रिल १९५६ ला, म्हणजे मी आलो तेव्हा ती चांगली रुळलेली होती. बाबा पहिल्यांदा तिच्यात बसला तो डोळे मिटून. दुसऱ्या वळणाला एक डोळा उघडला. तिसऱ्या गुरुवारी त्याला इंजिनाच्या मागच्याच डब्यात बसायचं होतं आणि ती जागा मिळाली नाही म्हणून त्यानं आख्खी एक गाडी सोडून दिली. आजी डब्यात पुरी-भाजी घ्यायची. गाडी झाडांआड जायची, शिट्टी ऐकू यायची, आणि परत दिसायला लागली की आम्ही दोघं हात हलवायचो. बाबाचा हात आमच्याआधी हलत असायचा. तो आम्हाला झाडांमधून शोधत यायचा. मोठ्यांनी बाहेर उभं राहायचं हाही त्या खेळाचा भाग होता, आणि त्यात मला कधी कंटाळा आला नाही.

तेव्हा तिथं वाघ होते, माकडं होती, हत्तीण होती. पुढं प्राणी कात्रजला गेले, बागेचं ऊर्जा उद्यान झालं. फुलराणी मात्र तिथंच राहिली. मागच्या वर्षी मैत्रिणींबरोबर बसून आलीस तेव्हा म्हणालीस, "आबा, किती लहान आहे ती!" लहानच आहे. चार वर्षांच्या मुलाला ती बरोबर मापाची आहे.

मुंबईला गेलो की मावशीच्या मुलांबरोबर कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट ठरलेला. १९५२ ची ती बाग. त्या बुटात ना मोटर, ना चाक. जिना चढून वर जायचं, खिडकीतून डोकावायचं आणि खाली यायचं. पोरं तेच वीस वेळा करायची.

१९९१ च्या उन्हाळ्यात एस्सेलवर्ल्डला गेलो. ते सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. गोराईच्या खाडीतून बोटीनं जायचं, त्यामुळं मजा बोटीतच सुरू व्हायची. बाबा आणि आत्या एकेका रांगेत पळत होते. मी खाली उभा राहून जोड बघत होतो, सवयच ती. सगळं नवीन होतं माझ्यासाठी. मांडीवर आडवी दांडी आली, दारं आपोआप लागली, चालवणारा माणूस काचेच्या खोलीत गेला. मी ह्याला नावं ठेवणार नाही. अण्णांच्या अंगठ्यापेक्षा ती दांडी कितीतरी भरवशाची आहे, आणि त्या वाकड्या हाताच्या मुलाला तशी दांडी मिळाली असती तर बरं झालं असतं.

रोलर कोस्टर चढावर जाताना कटकट कटकट आवाज येतो ना, ज्यानं पोटात कालवतं? तुला आत्ता सांगून ठेवतो. ती दात्यांच्या पट्टीवरून सरकणारी खिटी असते. साखळी तुटली तर गाडी मागं घसरू नये म्हणून. म्हणजे सगळे ज्या आवाजाला घाबरतात तोच आवाज गाडी धरून ठेवणाऱ्याचा असतो. आणि गाडी रुळावरून उडत नाही ती रुळाच्या खालून धरणाऱ्या चाकामुळं. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाची ती युक्ती, १९१९ ची. त्याच्या आधी वेग आणि वळणं बेतानंच ठेवावी लागत. चाकाची ती जागा तू पुस्तकात बघशीलच, पण एकदा गाडी थांबलेली असताना वाकून प्रत्यक्ष बघ.

आता भंगाराचं. जागेचा भाव तिकिटाच्या पैशाला परवडेनासा होतो, सुटे भाग मिळत नाहीत, एखादं वादळ येतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वनराणी ह्या तसल्याच गाडीचे रूळ २०२१ च्या तौक्ते वादळात खराब झाले आणि ती थांबली. पण मला विचारशील तर मोठं कारण लोखंडातच आहे. तुम्हाला कॉलेजात फटीग, म्हणजे धातूचा थकवा, शिकवतात तो हाच. आपण एक तार हातानं पुढंमागं वाकवत राहतो, ती पंचवीस वेळा काही म्हणत नाही आणि सव्विसाव्या वेळी तुटते. पाळण्याचं लोखंड असंच दिवसभर वाकत असतं, केसाएवढं, डोळ्याला न दिसणारं. त्याला नवा रंग दिला की ते नवं दिसतं, आणि त्यात धोका आहे. जुन्या गोष्टीवर आपला जीव असतो म्हणून तिच्यात लेकरं बसवू नयेत. हे मी तुला अगदी कळकळीनं सांगतो.

ज्या पाळण्याच्या नावानं जगभर असल्या पाळण्यांना फेरिस व्हील म्हणतात, तो शिकागोच्या प्रदर्शनात १८९३ ला उभा राहिला. जॉर्ज फेरिस, पूल बांधणारा इंजिनिअर. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. आस साडेपंचेचाळीस फूट लांब, वजन ४० टनांच्या आसपास. अण्णांचा आस दोन दगडांवर मावायचा, म्हणून हा आकडा वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. फेरिस तीनच वर्षांनी वारला, सदतीसाव्या वर्षी. तो पाळणा दुसऱ्या जागी हलवला, मग सेंट लुईसच्या प्रदर्शनात नेला, आणि १९०६ ला सुरुंग लावून पाडला. भंगारात गेला.

व्हिएन्नाचा पाळणा १८९७ चा. तो आजही फिरतो. दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला तो जळाला. पुन्हा उभा केला तेव्हा लोकांनी काय केलं माहीत आहे? डबे ३० होते, त्यातले १५ च परत लावले. जळून निघालेल्या सांगाड्यावर पहिल्याइतका भार नको म्हणून. आजही तो पंधराच डब्यांचा आहे. तू विचारलंस जपता येत नाही का. येतं, असं जपता येतं. अर्धी माणसं बसतील, अर्धंच तिकीट येईल, हे कुणीतरी मान्य करावं लागतं. पाळणेवाला चिंचेखाली चुळबुळत बसलेला असताना वाळूची पोती तासभर फिरवावी लागतात. तेवढा दम नसेल तर तो निळा घोडा भंगारात गेलेला मला चालेल. मला त्याचं वाईट वाटेल, पण चालेल.

तरी भंगारवाला यायच्या आधी तुला करण्यासारखं एक काम आहे. कुंपणावरून उडी मारू नकोस. बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना कॉलेजचं पत्र घेऊन भेट. आत सोडलं तर घोड्याचा फोटो काढण्याआधी वर छतात बघ. तिथं वाकड्या दांड्या असतील, क्रँक. घोडा त्यांना टांगलेला असतो, म्हणून तो फिरता फिरता खालीवर होतो. त्या दांड्यांचं माप घे, चित्र काढ. आणि मेरी-गो-राउंड चालवणारा माणूस शोध. तो जवळपासच राहत असेल, चहाच्या टपरीवर विचारलंस तर कळेल. त्याला विचार, कुठला आवाज आला की तुम्ही मशीन थांबवायचा? वंगण किती दिवसांनी भरायचा? रडणारं पोर कसं ओळखायचा? हे कुठल्याही नकाशात नसतं. लोखंड किलोवर विकलं जातं आणि हे त्या माणसाबरोबर घरी जातं, मग कुणीच विचारत नाही. माझं अण्णांना पुष्कळ विचारायचं राहून गेलं. ठोकण्याचा आवाज बसका आला की ते एकदा डोळे मिटायचे आणि पुन्हा ठोकायचे. दुसऱ्यांदा ते काय ऐकत होते ते मला अजून ठाऊक नाही.

शनिवारी बाबा तुझ्याकडं येतोय. त्याच्याबरोबर एक पार्सल देतोय. आजीचे डिंकाचे लाडू वरच्या डब्यात आहेत. खाली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती कडी आहे. आत अंगठा फिरव, जपून, धार अजून आहे. मग कॉलेजातला व्हर्नियर घे आणि सगळीकडून जाडी मोजून मला कळव. कुठं किती झिजली आहे, आणि तुझ्या हिशोबानं ती अजून किती फेऱ्या टिकली असती, तेही. गंज घासू नकोस, तेल लावू नकोस. सुतळी अण्णांनी बांधलेली आहे. ती न सोडताच मोज.

तुझा,
आबा